बंद खाणींचे ढिगारे: ‘एकूण शिसं’ या आकड्यावरून काय कळतं, काय कळत नाही?

अश्मक (धागाकर्ता)

नमस्कार.

बंद पडलेल्या धातुखाणींच्या कचऱ्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "पन्नास-शंभर वर्षं झाली, जे वाहून जायचं ते कधीच वाहून गेलं." दुसरं, "किलोमागे दहा हजार मिलिग्रॅम शिसं निघालं, म्हणजे खालचं सगळं पाणी विषारी." खाणकचऱ्याचे प्रयोगशाळेतले अहवाल वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि मला ही दोन्ही वाक्यं सारखीच घातक वाटतात. पहिल्यामुळे माणसं गाफील राहतात. दुसऱ्यामुळे पैसा आणि कष्ट भलत्याच जागी खर्च होतात. म्हणून हा धागा काढतोय.

आधी कचऱ्याबद्दल. धातुकापर्यंत पोचायला जो खडक फोडून बाजूला टाकतात त्याचे डंप होतात. धातुक दळून त्यातलं कामाचं खनिज काढून घेतल्यावर जो बारीक गाळ उरतो, ती टेलिंग्ज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोटेशनची, म्हणजे खनिजाचे कण फेसावर तरंगवून वेगळे करण्याची, पद्धत रुळली. त्याआधी खनिजं वेगळी करायची ती मुख्यतः वजनातल्या फरकावर, पाण्याच्या मदतीने. त्यात बराच धातू निसटून ढिगाऱ्यात जाई. शिशाच्या खाणींत तर जस्ताचं खनिज अनेकदा टाकाऊच समजलं जाई. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा ढिगारा आजच्या टेलिंग्जपेक्षा धातूंनी जास्त भरलेला असणं अगदी शक्य आहे.

आता मूळ गोष्ट. या खाणींतले बहुतेक धातू गंधकाशी बांधलेले असतात: शिसं गॅलेनात, जस्त आणि त्याच्यासोबत थोडं कॅडमियम स्फॅलेराइटमध्ये, तांबं चाल्कोपायराइटमध्ये, आर्सेनिक आर्सेनोपायराइटमध्ये. जोडीला भरपूर पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक. ही सल्फाइड खनिजं जमिनीखाली हवेपासून दूर असतात तोवर कोट्यवधी वर्षं तशीच राहतात. दळून उघड्यावर टाकली की प्राणवायू आणि पाणी त्यांच्यावर काम सुरू करतात. पायराइटमधल्या गंधकाचं सल्फेट होतं, आम्ल तयार होतं, आणि लोहासोबत बाकीचे धातूही सुटे होऊ लागतात.

पण सुटा झालेला धातू लगेच ओढ्याला जातो असं नाही. वाटेत तो पुन्हा कुठेतरी अडकतो. शिशाचंच घ्या. दहा हजार मिलिग्रॅम शिसं न बदललेल्या गॅलेनात असेल, किंवा सल्फेट होऊन अँग्लेसाइटमध्ये, कार्बोनेट होऊन सेरुसाइटमध्ये, लोहाच्या तांबूस ऑक्साइडच्या पृष्ठभागावर चिकटलेलं, जॅरोसाइट नावाच्या पिवळ्या खनिजाच्या आत कोंडलेलं, किंवा जुन्या भट्टीच्या मळीतल्या (स्लॅगमधल्या) काचेत बंदिस्त. ‘एकूण शिसं’ मोजताना प्रयोगशाळा हे सगळं तीव्र आम्लात विरघळवते आणि एक आकडा देते. सहाही ढिगाऱ्यांना आकडा तोच. पावसाच्या पाण्यात, मुलाच्या पोटात आणि ओढ्यातल्या माशाच्या कल्ल्यांवर मात्र सहा ठिकाणी सहा वेगळे परिणाम.

माझं म्हणणं एवढंच आहे: धातू किती आहे याच्या आधी तो कोणत्या रूपात आहे आणि ते रूप कशाने मोडेल, हे विचारायला हवं. जाणकारांनी भर घालावी, आणि ज्यांच्या मनात प्रश्न असतील त्यांनी ते मोकळेपणाने विचारावेत.

---

रसायनवेडा

उत्तम विषय. पायराइटच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट जोडतो, ती म्हणजे जिवाणू.

पायराइटमधून सुटलेलं लोह सुरुवातीला फेरस असतं. ते आणखी ऑक्सिडाइज झालं की फेरिक होतं. सामू (पीएच) चारच्या खाली गेला की नुसत्या हवेने फेरसचं फेरिक व्हायला फार वेळ लागतो, म्हणजे खरं तर आम्ल वाढलं की प्रक्रिया मंदावायला हवी. पण नेमक्या याच वातावरणात अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू फेरसचं फेरिक करून त्यावर जगतात, आणि हा वेग सुमारे दहा लाखपट वाढवतात. मग तयार झालेलं फेरिक लोह थेट पायराइटवर हल्ला करतं. या पायरीला प्राणवायूसुद्धा लागत नाही. त्यातून पुन्हा फेरस, पुन्हा जिवाणू, पुन्हा फेरिक. एकदा चक्र लागलं की ते स्वतःच स्वतःला चालवतं. खाणीच्या आम्ल पाण्यातला जिवाणूंचा हात १९४७ साली कोल्मर आणि हिंकल यांनी दाखवून दिला.

हे कुठवर जाऊ शकतं? कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या रिचमंड खाणीत उणे ३.६ सामूचं पाणी सापडल्याची नोंद आहे.

---

जिज्ञासू

सामू उणे कसा असेल? शाळेत तर शून्य ते चौदा शिकलो.

---

रसायनवेडा

शून्य ते चौदा ही सोयीची पट्टी आहे, निसर्गाने घातलेली सीमा नव्हे. सामू हा हायड्रोजन आयनांच्या क्रियाशीलतेचा ऋण लॉगरिदम. क्रियाशीलता एकच्या वर गेली की आकडा शून्याखाली जाणारच. त्या खाणीत पायराइट इतक्या जोरात ऑक्सिडाइज होतं की पाणी तापतं, बाष्पीभवन होतं, आणि मागे राहतं ते अतितीव्र गंधकाम्ल. त्यात लिटरमागे ग्रॅमांच्या हिशेबात धातू विरघळलेले असतात. बहुतेक ढिगारे याच्या जवळपासही जात नाहीत. साधारणतः सामू दोन ते चारच्या दरम्यान दिसतो, आणि नुकसान करायला तेवढा पुरतो.

---

अश्मक

धन्यवाद रसायनवेडा. यावरून ‘जुनं म्हणजे संपलं’ या समजुतीला उत्तर मिळतं. स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खोऱ्यात सुमारे पाच हजार वर्षं खाणकाम झालं, रोमन काळातल्या मळीचे ढीगही तिथे आहेत, आणि नदीचा सामू आजही अडीचच्या आसपास आहे. (तिथे खाणकामाच्याही आधीपासून पायराइटचे साठे नैसर्गिकरीत्या झिजत होते, हेही लक्षात ठेवायला हवं. सगळा दोष माणसाचा नाही.) जॉर्डनमधल्या वाडी फायनानमध्ये तर कांस्ययुगापासून रोमन काळापर्यंतच्या तांब्याच्या भट्ट्यांचं प्रदूषण अजून मातीत मोजता येतं.

पायराइटचा कण बाहेरून आत झिजतो. भोवती ऑक्साइडचं कवच जाड होत जातं, प्राणवायूला आत शिरायला वेळ लागतो, वेग कमी होतो. ढिगाऱ्याचंही तसंच: वरचा एखादा मीटर लालसर-पिवळा, पूर्ण झिजलेला, आणि खाली काळसर-करडा, जवळपास ताजा. वरून घेतलेल्या नमुन्यावरून आतलं ठरवता येत नाही.

---

जिज्ञासू

समजा ढिगाऱ्याचा खडकच चुनखडीचा किंवा डोलोमाइटचा असेल तर? आम्ल जागच्या जागी मारलं जाईल ना? मग तो ढिगारा सुरक्षित धरायचा का?

---

अश्मक

पहिल्या प्रश्नाला ‘बऱ्याच अंशी हो’, दुसऱ्याला ‘नाही’.

आम्ल तयार होण्याची क्षमता आणि ते मारण्याची क्षमता यांचा ताळेबंद मांडण्याची जुनी, रुळलेली पद्धत आहे. हिशेब साधा: पायराइटच्या रूपात १ टक्का गंधक असेल तर टनामागे ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं. कार्बोनेट त्याहून पुरेसं जास्त असेल तर निचरा आम्लधर्मी होणार नाही असं धरतात.

यात दोन खाचा आहेत. एक, सगळी कार्बोनेटं कामाची नसतात. सिडेराइट हे लोहाचं कार्बोनेट. ते आधी आम्ल खातं, पण त्यातून सुटलेलं लोह पुढे ऑक्सिडाइज होऊन जवळपास तेवढंच आम्ल परत देतं. चाचणी घाईत केली तर सिडेराइट खात्यात जमा दाखवलं जातं आणि ताळेबंद फसतो. दोन, गंधकही सगळं पायराइटचं नसतं. जिप्सममधलं गंधक आम्ल देत नाही. जॅरोसाइटमधलं देतं. जुन्या कचऱ्यात हे सगळं एकत्र असतं, त्यामुळे एकूण गंधकाच्या आकड्यावर हिशेब करणं चुकीचं.

आणि सामू सातच्या आसपास राहिला म्हणून सगळे धातू थांबले असं होत नाही. लोहाच्या ऑक्साइडवर शिसं साधारण सामू ४ ते ६ च्या दरम्यान घट्ट चिकटतं, तांबं थोडं वर. जस्त आणि कॅडमियम मात्र सामू ६ ते ८ च्या पट्ट्यात हळूहळू चिकटतात. म्हणजे तटस्थ पाण्यात शिसं जवळपास शून्य, पण जस्त-कॅडमियम आरामात वाहत असतात. आर्सेनिक, अँटिमनी, मॉलिब्डेनम, सेलेनियम हे ऋणभारित रूपात फिरतात, त्यांना तटस्थ किंवा किंचित अल्कधर्मी पाणीच मानवतं. पाणी नितळ, सामू चांगला, तळाला नारिंगी गाळ नाही, आणि तरीही त्यात जस्त मर्यादेच्या कितीतरी वर, असं होऊ शकतं.

जस्ताच्या मध्ययुगीन ऊर्ध्वपातनासाठी प्रसिद्ध असलेल्या राजस्थानातल्या झावरचं धातुक डोलोमाइटमध्येच आहे. वापरून टाकलेल्या मातीच्या मुशींचे तिथले ढीग हा आणखी वेगळा प्रकार: तिथे धातू खनिजात कमी आणि भाजलेल्या, काचेसारख्या झालेल्या पदार्थात जास्त. त्याला सल्फाइड टेलिंग्जचं गणित लावून चालणार नाही.

---

ओढ्याकाठी

अश्मक, फार महत्त्वाचा धागा. मी पाण्यातल्या जीवांवर काम करते, त्या बाजूने लिहिते.

लोकांना नारिंगी ओढा भयंकर वाटतो आणि नितळ ओढा चांगला. बऱ्याचदा उलटं असतं. ऑगस्ट २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन पाणी ॲनिमस नदीत आलं, नदी पिवळी-नारिंगी झाली, जगभर फोटो गेले. तो रंग मुख्यतः लोहाचा. त्याच डोंगररांगांतल्या अनेक जुन्या खाणी वर्षानुवर्षं गाजावाजा न होता धातू सोडत होत्या, त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

वेल्समध्ये तेराशेहून जास्त बंद धातुखाणी आहेत. तिथल्या नद्यांच्या प्रदूषणावर ब्रिटिश सरकारच्या आयोगाने १८७४ मध्येच अहवाल दिला होता. बहुतेक खाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बंद झाल्या. तरी इस्ट्विथसारख्या नद्यांत शिसं-जस्त आजही येतं. नदीकाठच्या पूरमैदानातली माती स्वतःच आता स्रोत झाली आहे: पुराने काठ खचला की शंभर वर्षांपूर्वीचा गाळ पुन्हा प्रवाहात.

दुसरा मुद्दा पाण्याच्या कठीणपणाचा. तेच जस्त मृदू पाण्यात माशाला जास्त घातक असतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते कल्ल्यांवरच्या जागांसाठी धातूशी स्पर्धा करतं. कुजलेल्या पानांतून येणारे सेंद्रिय पदार्थ तांब्याला बांधून ठेवतात. म्हणून ओढ्याचा अहवाल मागताना धातूंसोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सेंद्रिय कार्बन आणि सामू मागाच. त्याशिवाय धातूच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

आणि नमुना कधी घेतला हे विचारा! कोरड्या दिवसांत ढिगाऱ्याच्या पृष्ठभागावर पांढरे, पिवळे, हिरवट क्षार फुलून येतात. ती धातूंची विद्राव्य सल्फेटं असतात, आम्लही त्यांच्यात साठलेलं असतं. पहिला जोराचा पाऊस ती काही तासांत धुऊन नेतो. त्या काही तासांत ओढ्यात धातूंची जी लाट येते ती महिन्यातून एकदा ठरल्या तारखेला बाटली भरणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही. मासे मात्र त्या लाटेतच मरतात.

---

खाणमित्र

मी खाण अभियंता. उपायांबद्दल लिहितो. प्राणवायू हाच शत्रू असेल तर तो तोडायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट मंद असतो. टेलिंग्जवर कायम पाण्याचा थर ठेवला की ऑक्सिडेशन जवळजवळ थांबतं. जुन्या ढिगाऱ्यांवर हे का करत नाहीत?

---

अश्मक

खाणमित्र साहेब, ताज्या टेलिंग्जसाठी तुमचं म्हणणं अगदी बरोबर. बांध कायम सुरक्षित राहील याची हमी असेल तर. (एप्रिल १९९८ मध्ये स्पेनमध्ये अझ्नालकोयारचा बांध फुटला आणि आम्लपाणी व पायराइटी गाळ ग्वादियामार नदीतून दोन्याना राष्ट्रीय उद्यानाच्या दिशेने गेला, हे विसरता येत नाही.)

पण जो कचरा पन्नास वर्षं हवेत झिजला आहे त्यातल्या धातूंचा पत्ताच बदललेला असतो. धातू आता सल्फाइडमध्ये कमी, दुय्यम खनिजांत जास्त. त्यावर पाणी चढवलं की दोन गोष्टी होतात. साठलेली विद्राव्य सल्फेटं एकदम विरघळतात. आणि हळूहळू आतला प्राणवायू संपला की जिवाणू श्वसनासाठी फेरिक लोह वापरू लागतात. लोहाचे ऑक्साइड विरघळतात, आणि त्यांच्यावर चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. म्हणजे सल्फाइडला वाचवणारा उपाय ऑक्साइडला मोडतो.

भूमिगत खाणीतही पाणी चढताना हेच घडतं. कॉर्नवॉलमधली व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, पंप थांबले, पाणी वर चढत गेलं. भिंतींवर साठलेले क्षार त्यात विरघळले आणि जानेवारी १९९२ मध्ये ते धातूंनी भरलेलं आम्लपाणी बाहेर फुटून फाल नदीच्या खाडीत शिरलं. त्या पाण्यावर चुन्याची प्रक्रिया त्यानंतर वर्षानुवर्षं करावी लागली.

---

खाणमित्र

मान्य. मग चुना? ढिगाऱ्यात चुना मिसळा, सामू वर आणा, धातू बसतील. आणि शिशासाठी फॉस्फेट: पायरोमॉर्फाइट तयार होतं, ते तर शिशाच्या सगळ्यात कमी विद्राव्य खनिजांपैकी एक. खर्चही आटोक्यात.

---

रसायनवेडा

फॉस्फेटबद्दल सावध करतो. फॉस्फेट आणि आर्सेनेट (आर्सेनिकचं पाण्यात फिरणारं ऋणभारित रूप) यांची घडण जवळपास सारखी. लोहाच्या ऑक्साइडवर दोघांना त्याच जागा हव्या असतात. ढिगाऱ्यात शिशासोबत आर्सेनिक असेल (आणि बऱ्याचदा असतंच), तर फॉस्फेट टाकल्यावर शिसं बसतं आणि आर्सेनेट उठून पाण्याला लागतं.

चुन्याचंही तसंच. सामू आठ-नऊच्या वर गेला की आर्सेनेट ऑक्साइडवर टिकत नाही. शिवाय जॅरोसाइट फक्त आम्लातच स्थिर. चुन्याने सामू वाढला की ते मोडून गोएथाइट (लोहाचा ऑक्साइड) होऊ लागतं आणि आत कोंडलेलं आम्ल बाहेर येतं. म्हणून चुन्याची मात्रा जॅरोसाइट धरून काढावी लागते, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत सामू पुन्हा खाली.

---

अश्मक

याला मी पूर्ण सहमत. मी अहवालांमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्षित झालेली गोष्ट पाहतो ती हीच. उपाय एका धातूला समोर ठेवून सुचवला जातो, आणि ढिगाऱ्यात चार धातू असतात. चुना वाईट नाही, फॉस्फेट वाईट नाही. आर्सेनिक नसलेल्या शिशाच्या ढिगाऱ्यावर फॉस्फेट मी स्वतः सुचवेन. पण आधी त्याच मातीवर छोटी चाचणी, सगळे धातू मोजून, आणि नुसत्या एका दिवसाची नव्हे.

---

गवत्या

झाडांबद्दल कुणी बोललंच नाही.

१९५० च्या दशकापासून वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर अ‍ॅग्रोस्टिससारख्या साध्या गवतांच्या धातुसहिष्णू जाती आपोआप उत्क्रांत होतात, तेही थोड्या पिढ्यांत. ढिगाऱ्यावरचं गवत जगतं, काही मीटरवर साध्या मातीतलं तेच गवत ढिगाऱ्यावर लावलं तर मरतं. अशा बियाण्यापासून निवडलेलं शिसं-जस्त सहन करणारं ‘मर्लिन’ हे फेस्क्यू गवत पुढे ढिगारे झाकायला वापरलं गेलं.

गवताचं काम धातू काढणं नाही. वारा आणि पाऊस यांच्यापासून पृष्ठभाग धरून ठेवणं हे त्याचं काम, आणि ते मोलाचं आहे. नोक्केया कॅर्युलेसेन्ससारख्या वनस्पती पानांत जस्त भरभरून साठवतात, त्यावरून ‘झाडं लावा, धातू उपसून काढा’ असं सांगितलं जातं. पण या वनस्पती लहान, वाढ संथ. टक्क्यांत जस्त असलेला ढिगारा अशा पद्धतीने साफ व्हायला शतकं जातील. आणि ज्या झाडांत धातू पानांपर्यंत चढतो तिथे गुरं चरू देऊ नयेत, हे सांगायलाच हवं.

आणखी एक. युरोपात जस्त-शिशाच्या जुन्या ढिगाऱ्यांवरची काही गवताळ कुरणं त्यांच्या दुर्मीळ वनस्पतींमुळे संरक्षित आहेत. तिथे सरसकट माती टाकून ढिगारा गाडला तर ते सगळं संपतं.

---

पालवी

इतका वेळ वाचत होते. सगळी चर्चा पाण्याची चालली आहे. मी मुलांच्या आरोग्यावर काम करते आणि मला धूळ जास्त भीतीदायक वाटते. झांबियातल्या काब्वेची शिसं-जस्त खाण १९९४ मध्ये बंद झाली. तिथल्या मुलांच्या रक्तातलं शिसं आजही जगातल्या सगळ्यात वाईट उदाहरणांमध्ये गणलं जातं. तिथे शिसं ओढ्यातून नाही, अंगणातल्या मातीतून, हातातून, तोंडातून जातं.

आणि स्पष्टच विचारते: ‘शिसं कोणत्या रूपात आहे’ हा मुद्दा जबाबदारी टाळायला वापरला जातो, हे तुम्हाला मान्य आहे का? "एकूण शिसं जास्त आहे, पण ते पोटात विरघळणारं नाही" असं एक वाक्य लिहिलं की साफसफाई पुढे ढकलता येते.

---

अश्मक

पालवीताई, प्रश्न रास्त आहे. हो, वापरला जातो, आणि मला त्याची चीड येते.

पण त्याच तर्काची दुसरी बाजू बघा. गॅलेनातलं शिसं पोटाच्या आम्लात तुलनेने कमी विरघळतं. सेरुसाइटमधलं, म्हणजे झिजून कार्बोनेट झालेलं, सहज विरघळतं. जुना, कार्बोनेटी खडकातला, उघड्यावर झिजलेला ढिगारा म्हणजे सेरुसाइट असण्याची दाट शक्यता. म्हणजे रूप तपासलं की पुष्कळदा धोका वाढलेलाच दिसतो: ढिगारा म्हातारा होतो तसं त्यातलं शिसं मुलांसाठी जास्त घातक होत जातं, आणि एकूण आकडा तोच राहतो. रूप न तपासता नुसत्या एकूण आकड्यावर चालणारे हे चुकवतात.

शिवाय कणाचा आकार. हाताला चिकटते ती अडीचशे मायक्रॉनपेक्षा बारीक माती, आणि शिसं बहुधा बारीक कणांत जास्त असतं. संपूर्ण नमुन्याचा सरासरी आकडा मुलांच्या हाताला लागणाऱ्या धुळीचा नसतो. घरं जवळ असतील तर माझं मत ठाम आहे: आधी धूळ बंद करा, पृष्ठभाग झाका, मुलांचं रक्त तपासा. खनिजांचा अभ्यास नंतर निवांत करता येतो.

---

पालवी

हे वाक्य अहवालांच्या पहिल्या पानावर यायला हवं. धन्यवाद.

---

खाणमित्र

एक पर्याय राहिला: ढिगारा पुन्हा प्रक्रियेला घेणं. धागाकर्त्यानेच वर म्हटलंय की जुन्या कचऱ्यात धातू शिल्लक आहेत. ते काढले तर धातूही मिळतील आणि पायराइटही वेगळं करता येईल.

---

अश्मक

जिथे पायराइट खरोखर वेगळं काढून सुरक्षित ठेवलं जातं तिथे मी याच्या बाजूने आहे. अडचण अशी की आर्थिक हिशेब धातूपुरताच केला जातो. किमतीचा धातू काढून बाकीचा गाळ, आता आणखी बारीक दळलेला, पुन्हा उघड्यावर. कडक झालेले थरही खोदताना फुटतात. अनेक जुन्या टेलिंग्जमध्ये लोह-क्षारांनी घट्ट झालेला एक थर आपोआप तयार झालेला असतो. तो प्राणवायू आणि पाणी दोन्ही अडवतो. माणसाने काहीही न करता मिळालेलं ते झाकण आहे. ते फोडायचं तर नंतर काय ठेवणार याचं उत्तर आधी हवं.

एक बारकावा सांगतो, फार कमी लोक लक्षात घेतात. पायराइट आणि स्फॅलेराइट किंवा गॅलेना यांचे कण एकमेकांना चिकटून ओले असतील तर त्यांच्यात विद्युत घट तयार होतो. पायराइट सुरक्षित राहतं आणि स्फॅलेराइट, गॅलेना आधी झिजतात. म्हणून पायराइट अजून चकचकीत दिसतंय म्हणून जस्तही जागेवर असेल असं समजू नये.

---

जिज्ञासू

आता माझा खरा प्रश्न. माझ्यासारख्या सामान्य माणसाच्या हातात एखाद्या ढिगाऱ्याचा अहवाल आला, त्यात फक्त ‘एकूण धातू’चा तक्ता असेल, तर पुढे काय मागावं?

---

अश्मक

मी काय मागेन ते सांगतो.

खनिजं ओळखण्यासाठी क्ष-किरण विवर्तन, आणि शक्य असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे फोटो. विवर्तनाला स्फटिक नसलेले लोह-ऑक्साइड दिसत नाहीत, आणि नेमके तेच सगळ्यात जास्त धातू धरून ठेवतात, म्हणून दुसरी चाचणी हवी. मग आम्ल-ताळेबंद, गंधक प्रकारानुसार वेगळं करून. नमुने फक्त वरून नको, खोलीनुसार हवेत, आणि प्रत्येक नमुना कुठल्या रंगाच्या थरातून घेतला त्याची नोंद हवी.

टप्प्याटप्प्याने विरघळवण्याची चाचणी काही प्रयोगशाळा करून देतात. टेसिए यांनी १९७९ मध्ये मांडलेली आणि त्यानंतरच्या सुधारित पद्धती. आधी सौम्य द्रावण, मग कार्बोनेट, मग ऑक्साइड, मग सल्फाइड, शेवटी उरलेलं. उपयोगी आहे, पण त्या टप्प्यांची नावं खनिजांची नावं म्हणून वाचू नका. एका टप्प्यात सुटलेला धातू त्याच बाटलीत दुसऱ्या पदार्थाला पुन्हा चिकटतो. आर्सेनिकसाठी ही पद्धत तशीच्या तशी वापरू नये, त्याच्यासाठी वेगळे टप्पे आहेत.

घरं जवळ असतील तर अडीचशे मायक्रॉनखालच्या मातीची, पोटासारख्या आम्लात विरघळण्याची चाचणी. ओढा जवळ असेल तर कोरड्या काळानंतरच्या पहिल्या पावसातले नमुने, प्रवाहाच्या मोजमापासह. धातूचं प्रमाण गुणिले प्रवाह केल्याशिवाय कुठला ढिगारा किती भार टाकतो ते कळत नाही.

---

जिज्ञासू

हे सगळं लिहून घेतलं. पाण्याचे नमुने आम्ही स्वतः घेतले तर चालतील का?

---

ओढ्याकाठी

चालतील, नीट घेतले तर. सामू आणि विद्युतवाहकता काठावरच मोजा, घरी आणून नाही. प्रत्येक जागी दोन बाटल्या भरा. एक न गाळता, एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून, दोन्हींत प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रिक आम्ल घालून. गाळणं मात्र जागेवरच व्हायला हवं. न गाळलेलं पाणी बाटलीत तसंच राहिलं तर विरघळलेलं लोह हवेशी गाठ पडून गाळ होऊन खाली बसतं, आर्सेनिक आणि शिसं त्याला चिकटून सोबत जातात, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गाळल्यावर विरघळलेल्या धातूंचा आकडा ओढ्यात प्रत्यक्ष होता त्यापेक्षा खूप कमी येतो.